ईशापूरची थ्री नॉट थ्री: फोर-एंड नीट बसवला आणि ट्रिगर ताळ्यावर आला

मंडळी, ईशापूरवालीचं काम बरंच पुढे सरकलंय, म्हणून सगळं एकत्रच लिहून टाकतो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, ही ली-एनफिल्ड रायफल, नंबर वन मार्क थ्री स्टार मॉडेल आहे, बट सॉकेटवर (मागचा लाकडी दस्ता म्हणजे बट, तो जिथे बसतो ते लोखंड) शिक्का जी. आर. आय., ईशापूर, १९४२. आपल्याकडे पोलिसांच्या खांद्यावर वर्षानुवर्षं बघितलेली तीच थ्री नॉट थ्री, फक्त ही इंग्लंडमध्ये माझ्या फायरआर्म सर्टिफिकेटवर (तिकडचा बंदूक परवाना) आहे आणि बिस्लीला नेमबाजीच्या रेंजवर जाते. लोखंड मूळचं आहे, बोल्टचा (काडतूस आत ढकलून चेंबर बंद करणारा सरकता दांडा) नंबर जुळतो, नळी आतून स्वच्छ. फोर-एंड (नळीखालचं पुढचं लाकूड) मात्र मधल्या कुठल्यातरी मालकाने बदललाय, दुसऱ्याच रायफलवरून काढलेला, आणि तो घासूनपुसून बसवायच्या भानगडीत न पडता सरळ स्क्रूने आवळून टाकलाय.

आता लक्षणं. लष्करी ली-एनफिल्डचा ट्रिगर दोन टप्प्यांचा असतो, पहिला टप्पा ३ ते ४ पाउंड आणि मग दुसरा ५ ते ६ पाउंड. हिच्यात पहिला टप्पाच गायब, बोट लावलं की थेट दुसऱ्यावर. रिकाम्या चेंबरवर बोल्ट जोरात पुढे मारून बंद केला की मधूनच कॉकिंग पीस (फायरिंग पिनचं मागचं टोक) धरतच नव्हता, बोल्टबरोबर तसाच पुढे निघून जायचा. आणि सर्वात वाईट म्हणजे सेफ्टी लावून ट्रिगर दाबून सोडला आणि मग सेफ्टी काढली तर एकदा कॉकिंग पीस आपोआप सुटला, ट्रिगरला हातही लागलेला नसताना. चेंबरमध्ये काडतूस असतं तर काय झालं असतं ते सांगायला नको. त्याच दिवशी रायफलला लाल टॅग लावून ती कपाटात ठेवली आणि ठरवलं की सगळं ठीक होईपर्यंत जिवंत काडतूस हिच्या जवळही आणायचं नाही.

अशा वेळी बहुतेक जण सीअर (कॉकिंग पीसला अडवून धरणारा तुकडा) आणि कॉकिंग पीसकडे बोट दाखवतात, झिजलंय, घासून घ्या, बदला. माझं मत अगदी पक्कं आहे की मार्क थ्रीच्या बाबतीत आधी लाकूड तपासायचं. कारण ह्या मॉडेलमध्ये सीअर असतो रिसीव्हरवर (बोल्ट ज्यात सरकतो ते लोखंडी घर) पण ट्रिगर टांगलेला असतो ट्रिगर गार्डला, आणि रिसीव्हर आणि गार्ड ह्या दोघांच्या मध्ये असतं फोर-एंडचं लाकूड. म्हणजे लाकूड दबलं, आक्रसलं की गार्डचं पुढचं टोक वर सरकतं, त्याच्याबरोबर ट्रिगर वर येतो आणि ट्रिगरच्या डोक्यावरचे दोन उंचवटे न दाबताच सीअरला टेकून बसतात. पहिला टप्पा तुमच्या बोटाच्या आधी लाकडानेच खाल्लेला असतो आणि कॉकिंग पीस सीअरच्या नुसत्या कडेवर तरंगत असतो. हे ब्रिटिशांनाही चांगलं ठाऊक होतं, म्हणून तर युद्धानंतरच्या नंबर फोर मार्क टू मध्ये ट्रिगर गार्डवरून काढून थेट रिसीव्हरला टांगला, लाकूड फुगो नाहीतर आटो, ट्रिगरला फरक पडायला नको.

बोल्ट आणि मॅगझिन बाजूला काढून ठेवलं, मग उघडायला घेतलं. नोजकॅप (पुढच्या टोकाची लोखंडी टोपी), बँड, गार्डचे दोन्ही स्क्रू, गार्ड, आणि मग फोर-एंड सरळ खाली. नळीच्या टोकाकडून उचकटायचा नाही, मागचे कोपरे फुटतात. अजून एक गोष्ट जी प्रत्येकाने पाठ करून ठेवावी: फोर-एंड जागेवर असताना बटचा लांब बोल्ट (बट सॉकेटला आवळणारा स्क्रू) फिरवायचा नाही. त्या बोल्टचं पुढचं टोक चौकोनी असतं आणि ते फोर-एंडच्या मागच्या पट्टीत अडकलेलं असतं, फिरवलात की लाकूड मागून उभं चिरतं. बटच्या लांब, नॉर्मल, शॉर्ट अशा साइझ मिळतात, आपल्या उंचीच्या माणसाला शॉर्ट बरा पडतो म्हणून बरेच जण पहिल्याच दिवशी बट बदलायला घेतात आणि नेमकं हेच करून बसतात.

फोर-एंड काढून टेबलावर उलटा ठेवला तेव्हा गोष्टी स्पष्ट दिसल्या. ट्रिगरच्या खाचेत डाव्या भिंतीवर नखाएवढा एक चकचकीत काळा डाग होता, म्हणजे ट्रिगर तिथे लाकडाला घासत होता आणि दाबून सोडल्यावर पूर्ण परत येत नव्हता. ह्या रायफलमध्ये सीअर आणि मॅगझिन कॅच दोघांना मिळून एकच स्प्रिंग, तिच्यात घासणाऱ्या लाकडाशी भांडायची ताकद नाही. सेफ्टीचं कोडं इथे सुटलं. पुढच्या स्क्रूच्या भोकात एक कॉलर असते, रिसीव्हर आणि गार्डमधलं अंतर तीच राखते, ती कुणीतरी कानशीने आखूड केलेली होती, कानशीचे तिरके ओरखडे अजून दिसत होते. आणि मागचे ड्रॉज, म्हणजे रिसीव्हरचा धक्का लाकडावर जिथे येतो ते दोन खांदे, ते तर तेल पिऊन पिऊन मऊ पडलेले, उजवीकडचा नुसता नावाला उरलेला. त्यामुळे प्रत्येक धक्क्याला फोर-एंड हलायचा आणि सगळा भार त्या बिचाऱ्या स्क्रूवर. ऑस्ट्रेलियात लिथगोच्या रायफल कारखान्याने त्यांच्या मऊ लाकडासाठी इथे तांब्याच्या पट्ट्या बसवल्या, ते उगाच नाही.

सर्वात जास्त वेळ ड्रॉजने खाल्ला. मऊ लाकूड पटाशीने चांगलं लागेपर्यंत काढलं, अ‍ॅसिटोनने तेल ओढून घेतलं आणि जुन्या तुटक्या अक्रोडाच्या बटमधून कापलेले दोन ठोकळे इपॉक्सीने चिकटवले, लाकडाच्या रेषा नळीच्या दिशेने ठेवून. मुद्दाम थोडे मोठे ठेवले. मग रिसीव्हरवर दिव्याची काजळी लावायची, फोर-एंड बसवायचा, काढायचा, जिथे काळं लागलं तेवढंच खरवडायचं, परत बसवायचा. संध्याकाळच्या संध्याकाळ ह्यात जातात पण घाई केली तर एका बाजूचाच खांदा धक्का घेतो आणि लाकूड फाटतं. दोन्हीकडे सारखं काळं उमटेपर्यंत सोडायचं नाही. आणि फोर-एंडचं मागचं टोक बट सॉकेटला टेकता कामा नये, तिथे कागद सरकेल एवढी फट हवीच.

कॉलर दुसरी आणली, पूर्ण लांबीची. गार्डची बसायची जागा अर्धा मिलिमीटरच्या आसपास दबलेली होती, तिथे अक्रोडाचीच पातळ चकती चिकटवून लेव्हल केली, लाकूड कॉलरपेक्षा केसभर उंच ठेवलं म्हणजे स्क्रू आवळल्यावर लाकूड घट्ट धरलं जातं पण गार्ड थांबतो तो कॉलरवरच. ट्रिगरची खाच डावीकडून पॉलिश पेपरने मोकळी केली. सगळ्या कापलेल्या जागी जवसाचं कच्चं तेल, दोन-तीन हात. सीअर, कॉकिंग पीस आणि ट्रिगरच्या उंचवट्यांना कानस, पेपर, दगड काहीही लावलेलं नाही.

जोडल्यावर पहिल्याच दाबाला पहिला टप्पा हाताला लागला आणि फार बरं वाटलं. तपासणी सगळी रिकाम्या रायफलवर: बोल्ट जोरात मारून, बट रबरी मॅटवर आपटून, सेफ्टी लावून ट्रिगर दाबून सोडून मग सेफ्टी काढून. कॉकिंग पीस कुठेच सुटला नाही. सेफ्टी लावताना तो जरासा मागे ओढला जातो तेही आता डोळ्यांना दिसतं. क्लबचे आर्मरर (हत्यारं तपासणारे-दुरुस्त करणारे) फौजेतून रिटायर झालेत, त्यांनी स्वतः परत सगळं तपासलं, वजन लावून दोन्ही टप्पे मोजले, हेडस्पेस (बंद बोल्ट आणि काडतुसाच्या बुडामधली जागा) गेजने तपासली आणि मगच लाल टॅग काढला. ही पायरी गाळू नका, घरी कितीही बरोबर वाटलं तरी दुसऱ्याच्या हाताखालून गेलंच पाहिजे.

भारतातल्या दोस्तांना एक सांगणं आहे. तिकडे .३०३ प्रोहिबिटेड बोअर (सामान्य लायसन्सवर न मिळणारं) असल्याने तुमच्यापैकी बऱ्याच जणांकडे ऑर्डनन्स फॅक्टरीची .३१५ बोअरची रायफल असते आणि तिची अ‍ॅक्शन ह्याच घराण्यातली. पहिला टप्पा हरवलाय असं वाटलं, पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात ट्रिगर वेगवेगळा लागतोय असं वाटलं, तर वापरणं थांबवा आणि लायसन्स असलेल्या दुरुस्तीवाल्याकडेच न्या, १९५९ च्या आर्म्स अ‍ॅक्टप्रमाणे दुरुस्तीच्या धंद्याला लायसन्स लागतं. फक्त त्याला आधी लाकूड, कॉलर आणि ट्रिगरची खाच बघायला सांगा, सीअरला लगेच दगड लावू देऊ नका.

आता राहिलंय ते पुढचं टोक. नोजकॅपखाली स्टड (छोटी खुंटी) आणि स्प्रिंग नळीला वर ढकलते, ती हिच्यात एका बाजूला कलतेय आणि नळी डावीकडे लाकडाला टेकतेय. हा प्रश्न सुरक्षिततेचा नाही, नेमाचा आहे, म्हणून हळूहळू करतोय. स्टडचं भोक सरळ झालं की १०० यार्डांवर कागदावर काय दिसतं ते टाकतो.