मुंबई–टोकियो: जाताना पावणेआठ तास, येताना पावणेदहा

पृथ्वीगोलावर दोरा ताणून धरला, तर मुंबई ते टोकियोचा नारिता विमानतळ हे अंतर साधारण ६,८०० किलोमीटर भरतं. हा दोरा भूतान ओलांडून थेट तिबेटवर चढतो. विमान मात्र तिकडे फिरकत नाही. केबिनमधला हवेचा दाब अचानक गेला, तर विमान झटपट १०,००० फुटांपर्यंत खाली आणावं लागतं, कारण डोक्यावरून लोंबणाऱ्या मास्कमधला ऑक्सिजन बहुतेक विमानांत जेमतेम पाव तास पुरतो. तिबेटचं पठारच सरासरी १४,००० फुटांहून उंच, उतरणार कुठे? म्हणून वाट दक्षिणेकडून, म्यानमार आणि चीनमधल्या कुनमिंगवरून जाते. अंतर थोडं वाढतं, पण वेळेचा खरा हिशेब वाऱ्याकडे असतो.

जपानवरचा जेट स्ट्रीम, म्हणजे विमानांच्या उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा जोराचा वारा, हिवाळ्यात ताशी २०० किलोमीटरच्या पुढे सहज जातो. शांत हवेत ताशी ९०० किलोमीटरने उडणारं विमान जमिनीच्या मापाने जाताना ११०० गाठतं आणि येताना ७०० वर रखडतं. समोरच्या पडद्यावर ‘ग्राउंड स्पीड’ बघत बसा, सिनेमापेक्षा रंजक आहे. पडद्यावर चीनच्या हद्दीत उंची मध्येच ३७,१०० फूट दिसली, तर दचकू नका. तिथे उंची मीटरमध्ये नेमून देतात. ११,३०० मीटरचे ते फूट.

हा वारा ओइशी वासाबुरो या जपानी हवामानशास्त्रज्ञाने १९२०च्या दशकात फुगे सोडून मोजला होता. तेही नारिताहून फारशा लांब नसलेल्या तातेनोला. अहवाल त्याने एस्पेरांतो या कृत्रिम, जागतिक म्हणून बनवलेल्या भाषेत छापला, त्यामुळे जगाने फारसा वाचलाच नाही.

वेळापत्रकातल्या दोन्ही वेळा स्थानिक असतात आणि टोकियो आपल्या साडेतीन तास पुढे. मुंबईहून रात्री ८ ला निघून सकाळी ७.१५ ला पोचवणारं विमान सव्वाअकरा नव्हे, पावणेआठ तासांचं. परतीला उलट: सकाळी ११.३० ते संध्याकाळी ५.४५ म्हणजे सव्वासहा तास वाटतात, त्यात साडेतीन मिळवा. मुंबईच्या धावपट्टीपाशी रांगेत जाणारा वेळही यातच धरलेला असतो.

थेट विमान रोज मिळेलच असं नाही. मग मी आधी टप्प्यांची बेरीज करतो, भाडं नंतर बघतो. दिल्लीमार्गे साधारण ७,००० किलोमीटर, बँकॉकमार्गे ७,७००, सिंगापूरमार्गे ९,२५०. दिल्लीचा वळसा जवळजवळ फुकटच पडतो. पण परतीला इमिग्रेशन बहुधा दिल्लीतच उरकावं लागतं, शिवाय पुन्हा सुरक्षातपासणी. मधे तीन तास तरी ठेवा, आणि नारिताच्या ड्यूटी फ्रीमधली बाटली हातात असेल तर आधी नियम विचारून घ्या. सिंगापूरमार्गे जाणं मला पटत नाही. स्वस्त असलं तरी दिवस खातं.

जाताना डावीकडची खिडकी घ्या. विमान बहुधा फुजीच्या दक्षिणेकडून जातं, आणि हिवाळ्यातल्या सकाळी डोंगर स्वच्छ दिसण्याची शक्यता जास्त.

नारिता विमानतळ टोकियो शहरापासून साठेक किलोमीटरवर आहे. स्कायलायनर रेल्वे टोकियोतल्या निप्पोरी स्टेशनला चाळीस मिनिटांत सोडते, टॅक्सीचा विचारही नको. शहराच्या जवळच्या हानेदा या टोकियोच्या दुसऱ्या विमानतळाचं तिकीट थोडं महाग असलं तरी हा खर्च मिळवून मगच तुलना करा. परतीला पुण्याला जायचं असेल, तर डिसेंबर ते फेब्रुवारीत समोरच्या वाऱ्याने उशीर होऊ शकतो, म्हणून विमान उतरण्याच्या वेळेनंतर किमान तीन तासांनी सुटणारीच बस धरा.