पोट छोटं करणारच आहात, मग आधी उपास कशाला?

वजनाच्या ऑपरेशनची तारीख ठरली की माझ्या हातचा आहाराचा कागद बघून जवळजवळ प्रत्येक जण हेच विचारतो. दोन आठवडे, दिवसाला साधारण 800 ते 1000 कॅलरी, पोळी-भात जवळपास बंद. "मॅडम, एवढं तोंड आवरता आलं असतं तर तुमच्या दारात आलो असतो का?" असंही ऐकवतात. बोलणं रास्त आहे. पण ही तुमच्या निग्रहाची परीक्षा नाही, आणि हा आहार पोटासाठीही नाही. तो लिव्हरसाठी आहे.

यकृताचा डावा भाग जठराच्या वरच्या टोकावर पसरलेला असतो. स्लीव्ह (जठराचा मोठा भाग कापून काढणं) असो की बायपास (जठराची छोटी पिशवी करून ती थेट आतड्याला जोडणं), तो उचलून धरल्याशिवाय सर्जनला अन्ननलिकेजवळची जागा दिसत नाही. चरबीने भरलेलं लिव्हर मोठं, जड आणि ठिसूळ होतं. उचलताना ते फाटून रक्त येऊ शकतं, आणि अगदीच जागा मिळाली नाही तर दुर्बीण बाजूला ठेवून पोट उघडावं लागतं. या ऑपरेशनला येणाऱ्या बहुतेकांचं लिव्हर असंच असतं, दारूला कधीही न शिवलेल्यांचंसुद्धा. खाणं कमी केलं की आधी लिव्हरमधली साठवणीची साखर आणि तिच्यासोबतचं पाणी जातं, मग चरबी उतरू लागते. वजनकाट्यावर चार-पाच किलोच दिसतील, पण लिव्हर चांगलंच आक्रसतं.

"सोनोग्राफीत नुसतं ग्रेड वन आलंय, एसजीपीटी नॉर्मल आहे," हे त्यावरचं ठरलेलं उत्तर. ग्रेड वन म्हणजे चरबीची सर्वांत सौम्य पायरी, एसजीपीटी म्हणजे लिव्हरची रक्ततपासणी. सोनोग्राफीला चरबी दिसते, आतली सूज किंवा सुरुवातीचे व्रण (सुजेमुळे लिव्हर कडक होत गेल्याच्या खुणा) दिसत नाहीत. एसजीपीटी नॉर्मल असूनही ते असू शकतात. म्हणून काही सर्जन ऑपरेशन चालू असतानाच लिव्हरचा छोटा तुकडा तपासणीला घेतात, म्हणजे बायोप्सी करतात. तुमचे घेणार आहेत का, हे जरूर विचारा.

खरा फायदा पुढे आहे. फ्रान्समधल्या लील शहरातल्या डॉक्टरांनी चरबीमुळे लिव्हरला सूज आलेल्या रुग्णांची ऑपरेशननंतर पाच वर्षांनी पुन्हा बायोप्सी केली. 2020 मध्ये छापून आलेल्या त्या अभ्यासात 84 टक्के जणांची सूज गेलेली होती. व्रणही बऱ्याच जणांचे कमी झाले, पण सावकाश. असं असूनही विमा नियामकाच्या 2019 च्या नियमांत बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) 35 ते 40 असणाऱ्यांना या ऑपरेशनचा विमा मिळण्यासाठी जे गंभीर आजार मोजले, त्यांत हृदयविकार, झोपेत श्वास अडकणं आणि आटोक्यात नसलेला मधुमेह आहे. लिव्हर नाही. मला हे अजून पटलेलं नाही.

ऑपरेशननंतर दारू मात्र लवकर आणि जास्त चढते. "आता लिव्हर सुधारलं" म्हणून पुन्हा सुरू करणाऱ्यांना मी स्पष्ट नाही म्हणते.

आणि आदल्या दिवशीचं ते 'शेवटचं' मटण-भात-गुलाबजामचं जेवण नको. साठवणीची साखर एक-दोन दिवसांत परत भरते, पाण्यासकट. शुगरच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर कागद हातात पडल्याच्या दिवशीच तुमच्या डॉक्टरांना फोन करा. खाणं इतकं कमी आणि डोस जुनाच राहिला, तर शुगर धाडकन खाली येते.