दिव्याभोवतीचं ठिगळ

जिप्समच्या फॉल्स सीलिंगला पहिला मार बसतो तो दिव्याच्या भोकाशी. साडेबारा मिलिमीटरच्या त्या बोर्डाची ताकद बरीचशी दोन्ही बाजूंच्या कागदात असते, आणि भोक पाडताना नेमका तोच कापला जातो. त्यात डाउनलाइटच्या दोन स्प्रिंगा त्या उघड्या कडेवर सतत दाब देतात. दिवा बदलायला चार वेळा ओढला की कड भुगा होऊन डोळ्यात.

आमच्या ठाण्याच्या फ्लॅटमध्ये वर भर म्हणून वरच्या मजल्यावरच्या बाथरूमची गळती. बोर्डावर साचलेलं पाणी भोकातूनच खाली वाट काढतं, म्हणून तपकिरी डाग दिव्याभोवतीच गोल उमटला. सीलिंगवाल्याने शिडीही न लावता निकाल दिला, "ताई, सगळं काढून नवीनच करू." म्हटलं, दादा, हातभर जागेसाठी अख्खा हॉल?

वरचं प्लंबिंग दुरुस्त होईपर्यंत खाली हात लावायचा नाही, हे वरच्या काकूंना हसतमुखाने पण दर रविवारी सांगत राहिले. मग एमसीबी, म्हणजे बोर्डावरचा वीज तोडणारा खटका, पाडला. नुसतं बटण बंद करून भागत नाही. जुन्या वायरिंगमध्ये ते न्यूट्रलवर, म्हणजे परतीच्या वायरवर, असेल तर दिवा विझतो, पण वायरीत करंट असतोच. दिवा वायरमनकडून सोडवून घेतला.

आता खरं काम. नख रुततं तिथला बोर्ड मेला, असं समजायचं. टणक भाग लागेपर्यंत मागे जाऊन चौकोन कापला. गोल कापू नका, गोलाला ठिगळ बसवताना रडाल. भोकातून प्लायच्या दोन पट्ट्या आत सरकवून जुन्या बोर्डातून स्क्रूने आवळल्या. नवा तुकडा त्या पट्ट्यांवर बसतो. दिव्याचं भोक तुकडा जमिनीवर असतानाच पाडलं, नव्या दिव्याच्या खोक्यावर छापलेलं कटआउटचं, म्हणजे भोकाचं, माप बघून. स्क्रूचं डोकं कागदात जरासं बुडावं, कागद फाटू नये.

सांध्यावर नुसती वॉल पुट्टी थापणारे मिस्त्री मला भेटले आहेत. पावसाळा गेला की तिथे केसासारखी चीर येते. जॉइंटिंग कंपाउंडचा पातळ थर, त्यात दाबून कागदी टेप, वर पुन्हा थर. कापलेल्या कडांना कारखान्यातल्या कडेसारखा उतार नसतो, त्यामुळे टेपवर उंचवटा राहतो. तो लपवायला प्रत्येक थर आधीच्यापेक्षा रुंद ओढायचा, शेवटचा चांगला वीतभर. मधला थर वाळू द्या. जुलैत पंखा लावूनही तो वाळायला रुसतो. पॉलिश पेपर मारताना मास्क, चष्मा आणि सोफ्यावर जुनी चादर.

नवा दिवा हलकाच घेतला. झुंबराची हौस असेल तर ते वरच्या स्लॅबला फास्टनर मारून टांगा, बोर्डाच्या जिवावर नको.

प्रायमरनंतर रंग ठिगळापुरता लावायचा मोह होतो. दिव्याच्या उजेडात चालून जातं, पण सकाळी खिडकीतून तिरपं ऊन आलं की चौकोन स्पष्ट दिसतो. म्हणून भिंतीपासून भिंतीपर्यंत रोलर फिरवला. मान अवघडली, आणि त्या भागाचे पैसे मी पुढच्या खेपेला आनंदाने रंगाऱ्याला देईन.