मशरूम कॉफी घ्यावी का?

औषधांच्या दुकानात हल्ली हा प्रश्न मला वारंवार विचारला जातो. विचारणारे बहुधा तरुण असतात. मात्र डबा विकत घेतला जातो तो आईवडिलांसाठी. म्हणूनच मी ‘चांगली’ किंवा ‘वाईट’ असे एका शब्दात उत्तर देत नाही. घरात कोणाला कोणत्या गोळ्या चालू आहेत, हे आधी विचारते.

या कॉफीत नेहमीच्या कॉफीबरोबर लायन्स मेन, रेशी, चागा, कॉर्डिसेप्स यांपैकी काही अळंब्यांचा अर्क किंवा भुकटी असते. कॉफीचे प्रमाण कमी असेल, तर कॅफीनही कमी पोटात जाते आणि ज्यांना कॉफीने धडधड होते किंवा झोप येत नाही, त्यांना बरे वाटते. हा फायदा मला खरा वाटतो, पण तो अळंबीचा नाही. ही कॉफी स्मरणशक्ती वाढवते, या दाव्यामागे मुख्यतः लायन्स मेनवरचे काही छोटे अभ्यास आहेत. जपानमध्ये 2009 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सौम्य विस्मरण असलेल्या 50 ते 80 वयाच्या सुमारे 30 जणांपैकी निम्म्यांना रोज 3 ग्रॅम भुकटी गोळ्यांच्या रूपात 16 आठवडे दिली होती. त्यांच्यात सुधारणा दिसली, परंतु गोळ्या थांबवल्यावर चार आठवड्यांत चाचणीतले गुण पुन्हा घसरले. कपभर कॉफीत अळंबी किती मिलिग्रॅम आहे, हे डब्यावर वाचले, की दावा आणि पुरावा यांतले अंतर आपोआप कळते. काही डब्यांवर तर प्रत्येक अळंबीचे वेगळे प्रमाणच दिलेले नसते. असा डबा मी कोणालाही सुचवत नाही.

मला खरी काळजी वाटते ती चागाची. त्यात ऑक्झलेट (ज्यापासून मुतखडा होऊ शकतो असा घटक) भरपूर असते. जपानमधील 72 वर्षांच्या एका महिलेने सहा महिने रोज चार-पाच चमचे चागाची भुकटी घेतली आणि तिची मूत्रपिंडे निकामी होऊन डायलिसिसची वेळ आली. ही नोंद 2014 मध्ये प्रसिद्ध झाली. तेवढी मात्रा कॉफीतून जात नाही हे मान्य. तरीही ज्यांना मुतखड्याचा त्रास आहे किंवा ज्यांचे क्रिएटिनिन (मूत्रपिंडांचे काम कसे चालले आहे हे दाखवणारा रक्तातील घटक) वाढलेले आहे, त्यांनी चागा टाळावाच.

रेशीमुळे रक्त गोठण्याची क्रिया मंदावू शकते, म्हणून रक्त पातळ करणारी गोळी घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती घेऊ नये. रेशीच्या भुकटीने यकृताला इजा झाल्याच्याही नोंदी आहेत. काही अळंब्या रक्तातील साखर कमी करू शकतात. मधुमेहाच्या गोळ्यांबरोबर ती जास्तच उतरण्याचा संभव असतो. गरोदरपणात आणि अंगावर पाजत असताना या कॉफीच्या सुरक्षिततेचा पुरेसा अभ्यास नाही, त्यामुळे तेव्हा ती नकोच. शस्त्रक्रिया ठरली असेल, तर किमान दोन आठवडे आधी ती बंद करावी आणि भूलतज्ज्ञांना गोळ्यांची यादी देताना या डब्याचेही नाव त्यात लिहावे.