बोर्डावर 43 नंबर

सांगलीच्या दिवाणी कोर्टापासून सुरू झालेला आमचा जमिनीचा दावा मुंबई हायकोर्टात हरलो आणि दिल्लीला सुप्रीम कोर्टात एसएलपी, म्हणजे अपिलाची परवानगी मागणारी विशेष याचिका, दाखल केली. वकील म्हणाले, "तुम्ही येऊन काय करणार? दोन मिनिटांचं काम." काका ऐकेनात. "इतकी वर्षं पायऱ्या झिजवल्या, आता शेवटची पायरी बघायचीच." मग शुक्रवारी रात्री मिरजेहून गोवा एक्स्प्रेस धरली, रविवारी पहाटे निजामुद्दीनला उतरलो.

कोर्टात आत जायच्या पासची मला धास्ती होती. पूर्वी सकाळी खिडकीपुढे रांग लावावी लागायची म्हणे. ऑगस्ट 2023 पासून 'सुस्वागतम्' नावाचं पोर्टल आहे. त्यावर नोंदणी केली, ओळखपत्र आणि फोटो चढवला, कशासाठी येणार ते भरलं आणि ई-पास मिळाला. आमच्या तहसीलमध्ये सातबाऱ्याला याहून जास्त वेळ गेलाय. प्रिंट मात्र आधीच काढून ठेवा. फोन काउंटरवर जमा करायला लागला आणि पास फोनमध्येच असलेला एक जण तिथेच घुटमळत होता.

मेट्रोच्या ब्लू लाइनवर स्टेशनचं नावच आता 'सुप्रीम कोर्ट' आहे, आधीचं प्रगती मैदान. तपासणीतून आत गेल्यावर काका घुमटाकडे बघत उभे राहिले. ही इमारत 1958 ची, आराखडा गणेश भिकाजी देवळालीकरांचा. "म्हणजे आपलाच माणूस की!" काकांची मान जरा ताठ झाली.

सोमवार आणि शुक्रवार नव्या प्रकरणांचे. त्यामुळे कोर्टरूममध्ये काळ्या कोटांची ही दाटी! आम्ही मागे भिंतीला चिकटून उभे. साडेदहाला न्यायमूर्ती आले आणि नंबर पळायला लागले. एसएलपी, म्हणजे राज्यघटनेच्या कलम 136 खालची याचिका, म्हणजे हक्काचं अपील नव्हे, आधी परवानगीच मागायची असते. बहुतेकांना ती मिळत नाही, हे वकिलांनी सांगितलं होतं. पण ते डोळ्यांसमोर बघणं वेगळं. एक मिनिट, दीड मिनिट, फेटाळली. पुढचा. कुणाचं घर, कुणाची नोकरी, एका शब्दात संपत होतं. मी मनातल्या मनात मोजत होतो, मग मोजणं सोडून दिलं.

इथलं कामकाज इंग्रजीत चालतं. काका दर दोन मिनिटांनी कोपर मारायचे, "काय म्हणाले?" मलाही निम्मं कळत नव्हतं, कुणी मोठ्याने बोलत नाही, नाटक-सिनेमातलं काहीच नाही. बोधचिन्हातली 'यतो धर्मस्ततो जयः' ही ओळ तेवढी त्यांनी स्वतः वाचली.

आमचा 43 नंबर सव्वाबाराला लागला. वकील उभे राहिले, हायकोर्टाने वाटपाचा दस्त विचारातच घेतला नाही, असं काहीसं बोलले. न्यायमूर्तींनी कागद उलटले, एक प्रश्न विचारला. माझ्या हातातली पिशवी घामाने ओली झाली होती. मग दोन वाक्यं, आणि 44.

बाहेर आल्यावर वकील म्हणाले, "फेटाळली नाही, समोरच्यांना नोटीस निघाली. आणि तोवर स्टेटस को."

"म्हणजे?"

"जैसे थे."

हा शब्द काकांना सांगलीपासून पाठ. ते तिथेच पायरीवर बसले, टोपी काढून डोकं पुसलं. ऑर्डरची प्रत वेबसाइटवर येते, डायरी नंबर टाकून बघता येते, हे मी त्यांना सांगत होतो. ते ऐकत नव्हते.

टोकन देऊन फोन परत घेतला. काकूंचे सात मिस्ड कॉल. काकांनी स्पीकर लावला.

"निकाल लागला का हो?"

"नाही. जैसे थे. खालच्या पट्टीतल्या द्राक्षाला पाणी सोडलं का?"