‘खरं सांग, काय पेला?’ : फवारणीच्या विषबाधेतून उठताना

यवतमाळ जिल्ह्यातलं आमचं गाव. २०१७ च्या खरिपात पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, माणसाच्या डोक्यावर गेली होती. ओळी दाट, आत वारा नाही, पाऊस थांबला की नुसती उमस. अशा वावरात नोझल खाली धरून चालत नाही, वर धरावं लागतं. आणि वर मारलेला फवारा आपल्याच तोंडावर उतरतो.

घरी वडिलांच्या नावावर अडीच एकर. तेवढ्यात भागत नाही म्हणून मी फवारणीची मजुरी करायचो, पंपामागे, म्हणजे पाठीवरच्या एकेका टाकीमागे पैसे. जितके पंप जास्त तितकी मजुरी जास्त, मग मध्येच हात धुवायला कोण थांबतो? त्या दिवशी मालकानं कृषी केंद्रातून मोनोक्रोटोफॉस आणलं होतं, दुसरी एक प्रोफेनोफॉस-सायपरमेथ्रिनची बाटली होती आणि वर पिकाचं एक टॉनिक. दुकानदारानं सांगितलं होतं, तिन्ही एकत्र मारा, बोंडअळीही जाईल आणि तुडतुडेही. मोनोक्रोटोफॉसच्या बाटलीवर लाल त्रिकोण होता, कवटी होती. तो त्रिकोण मी दहा वर्षं बघत आलो होतो. आम्ही त्याला विष म्हणतच नाही, औषध म्हणतो. ‘औषध मारायला चाललो’ असं सांगून घरातून निघतो.

दुपारपर्यंत बारा-तेरा पंप झाले. टाकीचं झाकण गळत होतं, पाठ आणि कंबर ओली. एकदा नोझल तुंबलं, ते तोंडानं फुंकलं. त्याच हातानं तंबाखूचा खर्रा खाल्ला. हे सगळं मुद्दाम लिहितोय, कारण नंतर प्रत्येकानं मला एकच विचारलं : पोटात कसं गेलं? पोटात फार काही गेलंच नव्हतं. ते अंगातून गेलं होतं.

चार वाजता धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसलो तेव्हा समोरचं बाभळीचं झाड पुसट दिसायला लागलं. घामाच्या धारा, तोंडाला सारखं पाणी, पोटात कळ. पोटऱ्यांचं मांस आपोआप उडत होतं, कातडीखाली किडे वळवळल्यासारखं. घरी पोहोचेपर्यंत दोनदा उलटी झाली. मायनं ताक पाजलं. तेही उलटलं. मग भावानं मोटरसायकलवर बसवलं आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात नेलं. त्याच ओल्या शर्टात.

तिथल्या सिस्टरनं मला बघितलं आणि आधी कात्री घेतली. शर्ट कापून काढला, पॅन्ट काढायला लावली, साबण लावून डोक्यापासून पायापर्यंत धुतलं. केसांत आणि नखांत पुन्हा. भावाला रागावली, ‘दोन तास झाले, हा शर्ट अजून अंगावर? विष तर चालूच आहे ना आत जायचं!’ सलाईन आणि इंजेक्शन त्यानंतर. मी आज हे लिहायला आहे त्यात त्या कात्रीचा मोठा वाटा आहे.

१०८ च्या गाडीतून मोठ्या दवाखान्यात गेलो. तिथे पहिला प्रश्न, ‘खरं सांग, काय पेला?’ मी मान हलवली. पुन्हा, ‘घरी भांडण झालं का? कर्ज आहे का?’ बोलायला गेलो की लाळ गळायची. आमच्या जिल्ह्यात विषबाधेचा माणूस आला की त्यानं घेतलंच असणार, असं सगळ्यांना वाटतं. असं वाटावं इतक्या आत्महत्या इथे झाल्या, हेही खरं. पण त्या हंगामात वॉर्डात माझ्यासारखेच भरले होते, एका वावरातले दोघं-दोघं.

डॉक्टरांनी भावाला परत पाठवलं : ‘बाटल्या घेऊन या, रिकाम्या असल्या तरी.’ तेव्हा राग आला होता, नंतर कळलं. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस यांच्यासारखं ऑरगॅनोफॉस्फेट गटातलं विष असेल तर त्यावर अ‍ॅट्रोपिन आणि पॅम ही उताऱ्याची इंजेक्शनं चालतात. बाकी कितीतरी कीटकनाशकांवर उतारच नाही, लक्षणं बघून तेवढा इलाज करतात. नाव कळल्याशिवाय डॉक्टर अंधारात असतो.

पुढचे दोन दिवस मला आठवत नाहीत. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या, छातीत पाणी भरल्यासारखा आवाज येत होता. छाती मोकळी होईपर्यंत अ‍ॅट्रोपिन वाढवत नेलं. त्यानं तोंड लाकडासारखं कोरडं पडतं, नाडी धावते आणि माणूस भ्रमिष्टासारखं करतो. बायको सांगते, ‘रातभर तुम्ही चादरीवरून कापूस येचत होते. एक एक बोंड फोडायचे अन् माह्या ओटीत टाकायचे.’ हात पट्टीनं खाटेला बांधले होते, तरी बोटं चालू होती.

तिसऱ्या दिवशी शुद्धीवर आलो, आता सुटलो असं वाटलं. तर एक तरुण डॉक्टर आले, म्हणाले, ‘दादा, उशीवरून मान उचला.’ मी उचलायला गेलो, उचलेना. डोकं म्हणजे जणू जात्याची तळी. त्यांनी लगेच मला आयसीयूत हलवलं. लक्षणं ओसरल्यावर एक ते चार दिवसांत मानेचे आणि श्वासाचे स्नायू असे ढिले पडू शकतात, बरा वाटणारा माणूस त्यातच जातो, असं त्यांनी भावाला सांगितलं. व्हेंटिलेटर शेजारी आणून ठेवला होता. लावावा लागला नाही. रोज सकाळी तेच, मान उचला. पाचव्या दिवशी उचलली तेव्हा बायको रडली.

तोवर तिच्या हातांची वेगळीच कथा झाली होती. मला नेल्यावर तिनं घरातले माझे आदल्या दिवसाचे फवारणीचे कपडे धुतले होते, रोजच्यासारखे, घरच्या कपड्यांत मिसळून. मनगटापर्यंत आग आग आणि पुरळ. इतकी वर्षं ती ते धूत आली होती. कुणाच्या लक्षातच आलं नाही.

सुट्टी व्हायच्या आदल्या दिवशी माझा साळा केस पेपर वाचत होता. तो बी.एस्सी.ला होता. म्हणाला, ‘भाऊजी, हे कन्झम्प्शन लिहिलंय. म्हणजे तुम्ही पेलात.’ पोलीस जबाब घेऊन गेले होते, त्यातही ‘विष प्राशन’ होतं. मी शुद्धीवर नसताना कुणीतरी सांगितलं, कुणीतरी लिहिलं. साळा अख्खा दिवस या खिडकीतून त्या खिडकीत फिरला. शेवटी डॉक्टरांनी तो शब्द खोडला, ‘फवारणी करताना, त्वचेवाटे व श्वासावाटे’ असं लिहिलं आणि सही केली. मी मेलो असतो तर तो एक शब्द माझ्या लेकराच्या माथी कायमचा राहिला असता.

पैशाचंही त्यावरच अडतं. तेव्हाच्या गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात विमा योजनेत फवारणीची विषबाधा धरायचे, पण मदत मृत्यूला किंवा अपंगत्वाला. आणि तेव्हा ती सातबारा ज्याच्या नावावर त्यालाच होती. २०१९ नंतर घरातला आणखी एक जण त्यात आला. ज्याच्या घरी सातबाराच नाही तो मजूर बाहेरच, आणि पाठीवर पंप बहुतेक वेळा त्याच्याच असतो. याचा मला आजही संताप येतो. त्या हंगामात एकट्या आमच्या जिल्ह्यात २० च्या आसपास माणसं गेली, ८०० च्या वर दवाखान्यात आली.

नऊ दिवसांनी घरी आलो. दोन आठवड्यांनी तळपायांना मुंग्या यायला लागल्या, चप्पल पायातून निघाली तरी कळेना. त्या जायला चार महिने लागले. डॉक्टरांनी सांगितलं होतं, रक्तातलं कोलिनेस्टरेज, म्हणजे हे विष जे एन्झाइम निकामी करतं ते, भरून आल्याशिवाय पंपाला हात लावायचा नाही, तोवर थोडं विषही पहिल्यापेक्षा जड जाईल. तांबड्या पेशींतलं भरून यायला तीन-चार महिने लागतात. मालकाचा निरोप आठवड्यातच आला होता. नाही म्हटलं. दिवाळी उधारीवर काढली.

आता फवारणी करतो, पण कमी, सकाळी लवकर, वाऱ्याकडे पाठ करून. प्लॅस्टिकचा कोट सप्टेंबरात अर्धा तासही सोसवत नाही, हे जे तो घालायला सांगतात त्यांनी एकदा घालून बघावं. मी पूर्ण बाह्यांचा जाड सुती शर्ट, हातमोजे, पाठीला पंपाखाली प्लॅस्टिक बांधतो. धुऱ्यावर साबण आणि पाण्याचा वेगळा कॅन. ते कपडे मीच वेगळ्या बादलीत धुतो, हातमोजे घालून.

मागच्या हंगामात शेजारच्या पोराचे डोळे संध्याकाळी चुरचुरायला लागले, तोंडाला पाणी सुटलं. त्याची माय ताक आणायला पळाली. मी शर्ट फाडला, हापशाखाली बसवून साबणानं धुतलं, दोन्ही बाटल्या पिशवीत घातल्या आणि गाडी काढली. दवाखान्यात त्यालाही तेच विचारलं. मी बाटल्या टेबलावर ठेवल्या, म्हणालो, ‘पेला नाही साहेब, मारत होता. तसंच लिहा.’ त्यांनी लिहिलं. मी वाचून घेतलं.