बद्द वाजणारं छत

भिंतींना दिवाळीत रंग लागतो, फरशी रोज पुसली जाते, दाराच्या बिजागऱ्यांना कधीमधी तेल मिळतं. छताकडे मात्र नजर जाते ती तापात पडून राहिल्यावर, नाहीतर वीज गेलेल्या दुपारी. तेव्हा लक्षात येतं की वरच्या मजल्यावरच्या न्हाणीखालचा पिवळा डाग गेल्या पावसाळ्यात वाटीएवढा होता, आता ताटाएवढा झालाय.

गिलाव्याची पहिली तपासणी कानाने करायची. मडकं घेताना वाजवून बघतात, तसंच. हातोडीचा लाकडी दांडा हलकेच आपटत जावं. घट्ट गिलावा टक्क वाजतो, सुटलेला बद्द. बद्द वाजेल तिथे खडूने गोल काढावा. डोक्यावर पडलं तर काय होईल याचा हिशोब त्या गोलांवरूनच सुरू होतो, म्हणून आधी खालचा पलंग सरकवावा.

सुटण्याची दोन कारणं असतात आणि त्यांचे उपाय अगदी वेगळे. पहिलं स्लॅबला निरुपद्रवी. स्लॅब ओतताना सेंट्रिंगच्या, म्हणजे खालच्या तात्पुरत्या साच्याच्या, प्लेटांना ऑइल फासलेलं असतं, तळ गुळगुळीत निघतो. त्यावर टाचे, म्हणजे पकडीसाठी खाचा, न मारता गिलावा चढवला, आणि वाकडा स्लॅब सरळ दाखवायला 6 मिलिमीटरच्या जागी 25 चढवला, की त्याची पकड कधीतरी सुटतेच. असा गिलावा थाळीसारखा अख्खा निघतो, आणि मागे स्वच्छ काँक्रीट दिसतं. ते खोलवर टाचून पातळ गिलावा केला की झालं.

दुसरं कारण वाईट. सरळ रेषेतल्या, हातभराच्याही आत एकमेकींना समांतर धावणाऱ्या भेगा, कडेला तांबूस ओघळ. हे आतल्या गजांचं गंजणं. गंज मूळ लोखंडाच्या कितीतरी पट जागा मागतो, म्हणून काँक्रीट आतून उकलतं. पाझर, गजाखाली जेमतेम ठेवलेलं काँक्रीटचं कव्हर, कधी खाडीच्या रेतीतलं मीठ, हे सगळे त्याचे साथीदार. 8 मिलिमीटरचा गज घासून 6 चा उरला तर चौथा हिस्सा गेला असं वाटतं, पण त्याचं क्षेत्रफळ 44 टक्क्यांनी घटलेलं असतं. असे दोन-चार गज दिसले की मिस्त्रीला थांबवून खाली टेकू द्यावेत आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवावं.

त्याहीआधी पाणी थांबवायचं. गच्चीचा कोबा किंवा वरच्या घरातला नहाणी ट्रॅप (न्हाणीतल्या सांडपाण्याची जाळी असते तो भाग) दुरुस्त न करता खालून केलेलं काम म्हणजे गळक्या बादलीखाली फडकं. वरच्या बिऱ्हाडाशी बोलणी हा त्यातला सगळ्यात चिकट माल. सर्वांत वरच्या मजल्यावर मात्र गृहनिर्माण संस्थेच्या आदर्श उपविधी, म्हणजे नमुना नियम, कामाला येतात: गच्चीतून पाऊस झिरपून बिघडलेलं छत आणि त्यावरचा गिलावा संस्थेने तिच्या खर्चाने करून द्यायचा असतो.

मग तोडफोड. सैल काँक्रीट काढताना हात आखडू नये. गजाच्या मागेही बोटभर मोकळं करावं, म्हणजे नवा माल, भरायचं सिमेंट-रेतीचं मिश्रण, त्याला चारी बाजूंनी कवटाळेल. तारेच्या ब्रशने गज चकचकीत होईपर्यंत घासावेत, मग झिंक प्रायमरचे दोन हात. पुढे पॉलिमर (पकड वाढवणारं दुधाळ रसायन) आणि सिमेंटचा बाँडिंग कोट, म्हणजे जुन्याला नवं जोडणारा थर, आणि बहुतेक कामं इथेच बिघडतात. कोट चिकट असतानाच माल लागायला हवा. मिस्त्री कोट मारून जेवायला गेला की तोच वाळून गुळगुळीत पापुद्रा होतो, आणि जोडण्याऐवजी वेगळं करतो. म्हणून एका वेळी जेवढं भरून होईल तेवढ्यालाच कोट लावायचा.

मालात 1 भाग सिमेंटला 3 भाग क्वार्ट्झची रेती, आणि 50 किलोच्या गोणीमागे 5 ते 10 किलो पॉलिमर. नेमकं माप डब्यावर असतं. घमेल्यात अर्ध्या तासात संपेल एवढाच कालवावा. घट्ट झालेल्या मालात पाणी मारून तो ‘जिवंत’ करण्याची सवय फार जुनी आहे, आणि तेवढीच घातक. एका थरात 10-12 मिलिमीटरच भरावं. जास्त भरलं की छत पोट काढतं. पहिला थर ओरखडून ठेवावा, तो घट्ट झाला की दुसरा.

छतावर पाणी थांबत नाही, म्हणून फवारणीचा पंप लागतो. साध्या सिमेंटच्या गिलाव्याला 7 दिवस ओल हवी. पॉलिमरच्या मालाला पहिला दिवसभर ओल पुरे, नंतर वाऱ्यावर सुकू द्यावं. रंगवाल्याला महिनाभर तरी लांब ठेवावं. ओलसर छतावर पीओपी किंवा फॉल्स सीलिंग टाकणं तर सर्वांत वाईट: डाग दिसेनासा होतो, गंज सुखाने वाढत राहतो.

पंखा उतरवलेलाच असतो, तर हूकही बघून घ्यावा. पंखा हुकात ज्यावर टेकतो ते रबरी रीळ झिजलेलं असेल, तर हूक बुडाच्या वळणावर खाल्ला गेलेला असतो. बोटाने चाचपलं की खाच लागते. ती लागली, तर तो पंखा तिथे परत टांगू नये.